संमतिवयाचा कायदा आणि आरोपीचा बचाव

इ. स. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याविषयीं मराठींत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्या लिखाणाचा बहुतेक भाग पुण्यांतील सभा, वर्तमानपत्रांतील लेख आणि त्या निमित्तानें सुधारक व सनातनी यांच्यांत पडलेली फूट यांच्याभोंवतींच फिरतो. कायदा हा अखेर न्यायालयांत वापरावयाचा असतो. आरोपीवर ठेवलेला आरोप, त्याच्या वकिलानें मांडलेला बचाव, न्यायाधीशानें त्याला दिलेलें उत्तर आणि या सर्वांत जिच्यावर प्रसंग ओढवला तिच्या वांट्यास आलेलें फळ, या गोष्टी पाहिल्यावांचून कायद्याचा इतिहास पुरा होत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं त्या दृष्टीनें या विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आरंभींच दोन गैरसमज दूर करणें अवश्य आहे. पहिला असा कीं, १८९१ चा कायदा हा लग्नाच्या वयाचा कायदा होता. तो तसा नव्हता. त्यानें एकाही बालविवाहास बंदी केली नाहीं किंवा एकही विवाह रद्द ठरविला नाहीं. लग्न कोणत्याही वयांत लागो, अमुक वर्षांच्या आंत पतिपत्नींचा शरीरसंबंध घडल्यास तो गुन्हा, एवढेंच तो सांगत होता. दुसरा गैरसमज असा कीं, या बाबतींत सरकारनें १८९१ मध्येंच प्रथम हात घातला. वस्तुतः वयाची मर्यादा त्यापूर्वीं तीस वर्षें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेली होती. ती फक्त इतकी खालीं होती कीं, तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

१. मूळ कलम व त्याचा अपवाद

मेकॉले याच्या अध्यक्षतेखालीं तयार झालेल्या १८३७ च्या दंडविधानाच्या मसुद्यांत पतीनें स्वतःच्या पत्नीशीं केलेला संग कोणत्याही परिस्थितींत बलात्कार होणार नाहीं, असा सरसकट अपवाद होता. हा मसुदा तेवीस वर्षें पडून राहिला. पुढें १८६० चा ४५ वा कायदा म्हणून इंडियन पिनल कोड मंजूर झालें व १ जानेवारी १८६२ पासून तें अमलांत आलें, तेव्हां ३७५ व्या कलमांत दोन ठिकाणीं दहा वर्षें हा आंकडा आला. मुलगी दहा वर्षांच्या आंतील असेल तर तिची संमति असो वा नसो, संग हा बलात्कारच होय, हें पहिलें ठिकाण. पत्नी दहा वर्षांच्या आंतील नसेल तर पतीचा तिच्याशीं संग हा बलात्कार नव्हे, हें दुसरें.

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. तो केवळ शिक्षेंतील सवलतीचा नव्हता. मुलगी दहा वर्षांची पुरी होतांच पतीच्या बाबतींत तिच्या संमतीचा प्रश्नच कायद्यानें पुसून टाकला होता. तिनें नकार दिला होता, विरोध केला होता, हें सिद्ध झालें तरी त्या कलमाखालीं तें निरुपयोगी होतें. पतीच्या वकिलास दोनच गोष्टी दाखवावयाच्या होत्या. लग्न झालें आहे आणि वधू दहा वर्षांवरील आहे. एवढा सोपा बचाव या गुन्ह्यांतील दुसऱ्या कोणत्याही आरोपीच्या वांट्यास आला नव्हता.

इंग्लंडांतील स्थितीशीं तुलना केली असतां या मर्यादेचा नीचपणा अधिक स्पष्ट होतो. तेथें १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यापासून बारा वर्षांची मर्यादा चालत आली होती. १८७५ मध्यें ती तेरा झाली आणि डब्ल्यू. टी. स्टेड यानें आपल्या पत्रांतून लंडनमधील मुलींच्या विक्रीविषयीं उठविलेल्या गदारोळानंतर १८८५ मध्यें सोळा झाली. मात्र त्याच १८८५ च्या कायद्यानें तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींच्या बाबतींत आरोपीस एक बचावही ठेवला होता. मुलगी सोळा वर्षांची आहे असें मानण्यास सबळ कारण होतें असें त्यानें दाखविल्यास तो सुटे. दहाच वर्षांपूर्वीं, १८७५ मध्यें, प्रिन्स नांवाच्या इसमाच्या खटल्यांत इंग्रज न्यायाधीशांनीं याच्या उलट तत्त्व सांगितलें होतें. सोळा वर्षांच्या आंतील मुलीस बापाच्या ताब्यांतून नेल्याचा त्याच्यावर आरोप होता. मुलगी अठरा वर्षांची आहे असा त्याचा प्रामाणिक समज होता, हें मान्य करूनही न्यायालयानें त्यास दोषी ठरविलें. वयाविषयींची चूक हा बचाव होऊं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न अशा रीतीनें तेव्हांपासूनच दोलायमान आहे. हिंदुस्थानांत पतीपुरता तो निघण्याचें कारणच नव्हतें, कारण त्याचा बचाव चुकीवर नव्हे, अधिकारावर उभा होता.

२. रखमाबाईंचा दावा

या अधिकाराची पहिली जाहीर परीक्षा फौजदारी नव्हे, तर दिवाणी न्यायालयांत आणि तीही मुंबईस झाली. रखमाबाईंचा विवाह त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी यांच्याशीं झाला होता. त्या माहेरींच, आई जयंतीबाई व सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरीं वाढल्या, शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर त्यांनीं पतीकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ मध्यें दादाजींनीं वैवाहिक हक्क परत मिळावे म्हणून मुंबई हायकोर्टांत दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं तो फेटाळला. अज्ञान वयांत लग्न लागलेल्या आणि पतीबरोबर कधींही न राहिलेल्या तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणें त्यांस न्याय्य वाटलें नाहीं. अपिलांत मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ति बेले यांनीं हा निर्णय फिरवून दावा परत पाठविला, आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंस एका महिन्याच्या आंत पतीच्या घरीं जाण्याची, न गेल्यास सहा महिन्यांच्या कैदेची आज्ञा दिली. अखेर १८८८ मध्यें दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढें इंग्लंडांत वैद्यकी शिकून आल्या व सुरत आणि राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

येथें आम्हांस एक गोष्ट नमूद करावयाची आहे. या दाव्यांत बचाव करणारी व्यक्ति स्त्री होती. समजूं लागण्यापूर्वीं झालेल्या लग्नास आपली संमति नव्हती, हें तिचें म्हणणें न्यायालयापुढें व वर्तमानपत्रांपुढें अशा स्पष्ट शब्दांत आलें होतें कीं, त्यानंतर 'संमति' हा शब्द या चर्चेंतून काढून टाकणें कोणासही शक्य झालें नाहीं. १८८४ च्या ऑगस्टांत बेहरामजी मलबारी यांनीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर टिपणें प्रसिद्ध करून या प्रश्नास तोंड फोडलेंच होतें. रखमाबाईंच्या दाव्यानें त्या टिपणांतील सामान्य विधानांस एक चेहरा व एक नांव दिलें.

परंतु रखमाबाई सज्ञान होत्या, शिकलेल्या होत्या, आणि त्यांच्या पाठीशीं घरचीं माणसें होतीं. ज्या मुलीस यांपैकीं कांहींच नव्हतें तिची कथा कलकत्त्यास घडली.

३. कलकत्त्याचा खटला

१८९० च्या जून महिन्यांत कलकत्ता शहरांत फुलमणि दासी नांवाची मुलगी मरण पावली. तिचें वय अकरा वर्षें व कांहीं महिने होतें. तिचा पति हरिमोहन मैती हा तिच्याहून पुष्कळ मोठा होता. पतीशीं झालेल्या संगानें तिला जी दुखापत झाली तिनेंच तिचा मृत्यु ओढवला, असें वैद्यकीय तपासणींत आढळून आलें. खटला हायकोर्टाच्या सेशनमध्यें न्यायमूर्ति विल्सन व ज्यूरी यांच्यापुढें जुलैमध्यें चालला. हा निवाडा कलकत्त्याच्या छापील निवाडेसंग्रहाच्या अठराव्या खंडांत आला आहे, आणि संमतिवयाच्या इतिहासाचा विचार करणारानें तो मुळांतून वाचावा अशी आमची विनंति आहे.

आरोप कोणते ठेवले गेले हेंच प्रथम पाहण्याजोगें आहे. ३७५ वें कलम लावतां येण्याजोगें नव्हतें, कारण मुलगी दहा वर्षांवरील असून आरोपीची लग्नाची पत्नी होती. म्हणून सरकारतर्फें ३०४, ३०४ अ, ३२५ व ३३८ या कलमांखालीं आरोप आले. म्हणजे सदोष मनुष्यवध, निष्काळजीपणानें घडविलेला मृत्यु, जाणूनबुजून केलेली जबर दुखापत, आणि अविचारानें किंवा निष्काळजीपणानें, दुसऱ्याच्या जिवास धोका होईल अशा कृत्यानें केलेली जबर दुखापत. कायद्यांत मूळ कृत्याला गुन्ह्याचें नांव नव्हतें, म्हणून त्याच्या परिणामाला नांव शोधावें लागलें.

बचावाची दिशा यावरूनच ठरली. पत्नीशीं संग करण्याचा हक्क कायद्यानें दिला आहे. जें कृत्य करण्याचा हक्क आहे तें करतांना अपघात झाला, तर तो गुन्हा कसा, असा एकूण रोख होता. याच्या जोडीस, त्या रात्रीपूर्वींही उभयतांचा सहवास झाला होता व त्यांतून कांहीं अपाय झाला नव्हता, असें सांगण्यांत आलें. हा मुद्दा खरा ठरता तर या वेळीं अपाय होईल अशी कल्पना येण्याचें आरोपीस कारण नव्हतें, असें म्हणतां आलें असतें. मुलीच्या घरच्या बायकांचें सांगणें याच्या उलट होतें.

न्यायमूर्ति विल्सन यांनीं ज्यूरीस केलेलें निवेदन दोन भागांचें आहे, आणि त्यांपैकीं एकच भाग उद्धृत करण्याची चाल पडली आहे. त्यांनीं एका बाजूनें स्पष्ट सांगितलें कीं, कायदेमंडळानें दहा वर्षांची मर्यादा घातली आहे आणि जें त्यानें केलें नाहीं तें न्यायाधीश किंवा ज्यूरी यांनीं स्वतःच्या अधिकारांत करून टाकणें योग्य नाहीं. म्हणजे दहावरील अमुक एका वयाखालीं संग हा नेहमींच बेकायदेशीर असें त्यांस म्हणतां येणार नाहीं. परंतु दुसऱ्या बाजूनें त्यांनीं असेंही सांगितलें कीं, पत्नीच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विचार न करतां तिच्या देहाचा उपभोग घेण्याचा निरंकुश हक्क कोणत्याही पतीस कोणत्याही कायद्यानें दिलेला नाहीं. ज्यूरीनें प्रत्यक्ष परिस्थिति पाहून, हें कृत्य अविचारी होतें कीं नाहीं तें ठरवावें. ज्यूरीनें मोठ्या आरोपांतून हरिमोहनास मोकळें केलें व ३३८ व्या कलमाखालीं दोषी ठरविलें. त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. हा इसम निर्दोष सुटला अशी समजूत क्वचित् आढळते. ती बरोबर नाहीं.

या निकालाचा उपयोग पुढें दोन्ही पक्षांनीं केला. सुधारणेचे पुरस्कर्ते म्हणूं लागले कीं, एका मुलीच्या मृत्यूबद्दल एक वर्षाची कैद होते, यावरूनच मूळ कायदा अपुरा असल्याचें सिद्ध होतें. विरोधक म्हणूं लागले कीं, शिक्षा झालीच. मग असलेल्या कायद्यानें काम भागतें, नवा कशाला? आमच्या मतें पहिल्या म्हणण्यांत अधिक तथ्य आहे, पण त्याचें कारण शिक्षेचें प्रमाण नव्हे. ३३८ वें कलम लागू पडण्यास जबर दुखापत घडावी लागे. ज्या मुलींस दुखापत झाली पण ती लपली, किंवा जी जबर या व्याख्येंत बसली नाहीं, किंवा जिचा परिणाम वर्षांनीं बाळंतपणांत दिसला, त्या सर्व त्या कलमाच्या बाहेर राहात. कायद्याचें रक्षण मिळण्यासाठीं मुलीस मरावें तरी लागे किंवा मरणाच्या दारीं तरी जावें लागे.

त्याच वर्षीं डॉक्टर मोनेल मॅन्सेल यांच्या पुढाकारानें पंचावन्न स्त्री वैद्यांनीं व्हाइसरॉयकडे अर्ज केला. आपल्या प्रत्यक्ष व्यवसायांत पाहिलेल्या अल्पवयी पत्नींचीं उदाहरणें त्यांनीं त्यांत दिलीं होतीं. ज्यांची साक्ष न्यायालयांत कधींच पोंचली नसती अशा मुलींची हकीकत त्या अर्जामुळें सरकारी दप्तरांत आली.

४. विधेयक आणि महाराष्ट्रांतील वाद

९ जानेवारी १८९१ रोजीं कायदेमंत्री सर अँड्र्यू स्कोबल यांनीं कलकत्त्यास व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कायदेमंडळांत विधेयक मांडलें. ३७५ व्या कलमांतील दोन्ही ठिकाणचे दहा काढून तेथें बारा घालणें, हा त्याचा गाभा. बंगालचे सर रमेशचंद्र मित्र यांनीं मंडळांत विरोध केला. पुण्याचे रावबहादुर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर यांनीं पाठिंबा दिला. १९ मार्च रोजीं तें १८९१ चा दहावा कायदा म्हणून मंजूर झालें.

या दहा आठवड्यांत पुण्यास जो वाद झाला त्याची तपशीलवार हकीकत अनेकांनीं दिलेली असल्यामुळें आम्ही ती येथें आंखडती घेतों. विरोधी बाजूस टिळकांचे 'केसरी' व 'मराठा' होते, अनुकूल बाजूस आगरकरांचा 'सुधारक' आणि रानडे, भांडारकर, तेलंग ही मंडळी होती. १८९१ च्या फेब्रुवारींत क्रीडाभुवनांत भरलेली सुधारकांची सभा उधळली गेली. मात्र टिळकांचा विरोध हा बालविवाहाच्या समर्थनार्थ होता असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय करण्यासारखें आहे. १८९० च्या अखेरीस त्यांनींच, मुलींचीं लग्नें सोळा व मुलांचीं वीस वर्षांच्या आंत करूं नयेत असा नियम सुधारकांनीं आधीं स्वतःस लावून घ्यावा, अशी सूचना पुढें केली होती. त्यांचा आक्षेप परक्या सरकारच्या कायदेमंडळानें हें करण्यास होता, आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांतील धर्मांत हात न घालण्याच्या वचनावर विरोधकांचा सर्व भर होता. सतीबंदीचा १८२९ चा व विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा हे दाखले सुधारकांनीं त्यास उत्तर म्हणून दिले.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग निराळाच आहे. गर्भाधानसंस्काराचा वाद हा वस्तुतः एका बचावाचा वाद होता. प्रथम ऋतु प्राप्त होतांच गर्भाधान न केल्यास पतीस पाप लागतें, असें ज्या स्मृतिवचनांच्या आधारें सांगितलें जात होतें, त्यांवर बंगालमधील रघुनंदनाच्या निबंधांचा मोठा पगडा होता. बारा वर्षांच्या आंत ऋतु प्राप्त झाला तर पतीपुढें एक बाजूनें धर्माज्ञा व दुसऱ्या बाजूनें तुरुंग, असा पेंच पडेल, असें विरोधक म्हणत. 'धर्मानें मला हें करावयास सांगितलें' हें उत्तर कायद्यानें ऐकावें कीं नाहीं, असा हा प्रश्न होता.

डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८९१ मध्यें हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें विवाहाचें व विवाहोत्तर समागमाचें वय या विषयावर जें टिपण प्रसिद्ध केलें त्याचें महत्त्व या ठिकाणीं आहे. धर्माज्ञा व कायदा यांत कोण मोठा, या वादांत ते शिरलेच नाहींत. मुळांत अशी निरपवाद धर्माज्ञाच नाहीं, हें त्यांनीं ग्रंथांवरून दाखविण्याचा प्रयत्न केला. विवाहानंतर वधूवरांनीं तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष ब्रह्मचर्य पाळावें, असें आश्वलायनगृह्यसूत्रांत सांगितलें आहे. विवाहानंतर चौथ्या रात्रीच्या विधीचा उल्लेख इतर सूत्रांत येतो. हे नियम ज्या काळीं रचले गेले त्या काळीं वधू प्रौढ असली पाहिजे, नाहींतर त्यांस अर्थच राहात नाहीं. सोळा वर्षांच्या आंतील स्त्रीच्या ठायीं गर्भ राहिल्यास तो टिकत नाहीं, असें सुश्रुतसंहितेंत आहे, हेंही वचन या वादांत पुढें आलें. टिळकांनीं भांडारकरांच्या अर्थनिर्णयावर कडक टीका केली. त्या टीकेंतील कांहीं व्याकरणविषयक मुद्दे विचारार्ह आहेत, व पुढील काळांतही पंडितांत त्यांवर चर्चा चालू राहिली. तथापि बचावाचा प्रश्न म्हणून पाहिल्यास निर्णय अवघड नाहीं. एकाच शास्त्रांत दोन मार्ग सांगितले असतील तर त्यांपैकीं ज्यानें मुलीस इजा होते तोच धरण्यास मी बांधलेला होतों, असें कोणासही म्हणतां येत नाहीं.

बंगालमध्यें प्रकरण याहून चिघळलें. कालीघाटास मोठी पूजा झाली, मैदानावर सभा भरल्या, आणि 'बंगवासी' पत्राच्या चालकांवर १८९१ मध्यें राजद्रोहाचा खटला झाला. १२४ अ या कलमाखालीं चाललेला हा पहिलाच महत्त्वाचा खटला होय. ज्यूरीचें एकमत झालें नाहीं व माफीनंतर तो काढून घेण्यांत आला. त्याच कलमाखालीं सहा वर्षांनीं टिळकांवर खटला झाला, हें वाचकांस ठाऊकच आहे.

५. कायदा झाल्यावर

आतां खरा प्रश्न येतो. कायदा मंजूर झाला. त्यानें काय साधलें?

विरोधकांनीं दाखविलेली सर्वांत मोठी भीति पोलिसांची होती. पोलीस घरांत शिरतील, वैरी खोटी फिर्याद करतील, कुलीन घरच्या मुलीची वैद्यकीय तपासणी होईल, असें ते म्हणत. आणि ही भीति पोकळ होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. तिच्या निवारणार्थ कायद्यांत ज्या सोई झाल्या त्यांनीं मात्र पतीस एक दुसरें कवच दिलें. पतीकडून घडलेल्या या गुन्ह्यांत पोलिसांस वॉरंटावांचून पकडतां येत नसे, आणि आरोपीस जामीन मिळे. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेंत ५६१ व्या कलमानें हें स्पष्टच केलें आहे कीं, अशा गुन्ह्याची दखल चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा मॅजिस्ट्रेट यांवांचून कोणीं घेऊं नये, आणि तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाच्या अंमलदाराकडे देऊं नये. शिवाय कायदा होतांच सरकारनें प्रांतिक अधिकाऱ्यांस परिपत्रक पाठवून, चौकशी एतद्देशीय मॅजिस्ट्रेटांकडून व्हावी व संशय असेल तेथें खटला भरूं नये, अशी सावधगिरीची सूचना दिली.

याचा परिणाम काय होणार हें उघड आहे. फिर्याद करावयाची कोणीं? मुलगी अकरा वर्षांची, ती सासरीं. सासरचीं माणसें आरोपीचीं. माहेरच्यांनीं फिर्याद केली तर मुलीचा संसार मोडतो, आणि तिचा पुनर्विवाह होणें नाहीं. खेड्यांतील पाटील किंवा फौजदार यांस अधिकार नाहीं. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटापर्यंत जावयाचें तर जाणार कोण? ३७५ व्या कलमांतला अपवाद पुढच्या दारानें बाहेर घालविला, तो कार्यपद्धतीच्या मागल्या दारानें घरांत आला.

आणि फिर्याद झालीच तर वय कसें ठरवावयाचें? दहाच्या ऐवजीं बारा हा आंकडा येतांच बचावाचें सर्व वजन या प्रश्नावर आलें. जन्ममृत्यूच्या नोंदी अनेक ठिकाणीं अपुऱ्या. जेथें होत्या तेथें मुलीचें नांव नसे, 'अमक्यास मुलगी झाली' एवढीच नोंद असे. जन्मपत्रिका सर्व जातींत करीत नसत, आणि केली तरी ती घरांतच राही. ज्यांच्या हातीं ती, ते बहुधा आरोपीच्या बाजूचे. दांत व शरीराची वाढ यांवरून डॉक्टरानें सांगितलेलें वय एक-दोन वर्षें इकडेतिकडे असूं शके. साडेअकरा कीं साडेबारा असा संशय उरला म्हणजे त्याचा फायदा आरोपीस मिळणार, हा फौजदारी न्यायाचा नियमच आहे. तो नियम चांगला आहे, तो बदलावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या देशांत वयाची नोंद नाहीं तेथें वयावर उभारलेला कायदा दुबळाच राहणार, हें त्या वेळच्या वादांत दोन्ही बाजूंनीं पुरेसें ओळखलें नव्हतें.

ही गोष्ट सरकारी रीत्या मान्य होण्यास अडतीस वर्षें लागलीं. १९२५ च्या २९ व्या कायद्यानें विवाहाबाहेर चौदा व विवाहांत तेरा अशी मर्यादा झाली. मात्र बारा ते तेरा वर्षांच्या पत्नीबाबत पतीस फार तर दोन वर्षांची कैद, अशी सौम्य शिक्षा राहिली. १९२८ मध्यें अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालीं संमतिवयाची चौकशी करण्यास कमिटी नेमली गेली व १९२९ मध्यें तिचा अहवाल आला. लोकांस कायदा फारसा माहीतच नाहीं, गुन्हे घरांत दडतात, आणि विवाहांतर्गत खटले क्वचितच उभे राहतात, असा तिचा निष्कर्ष होता. तिनें विवाहांत पंधरा वर्षांची मर्यादा सुचविलीच. पण जन्माच्या बिनचूक नोंदी व विवाहाची सक्तीची नोंद यांचीही शिफारस केली. सेशन कोर्टांतील बचावाचें मूळ नगरपालिकेच्या व गांवच्या दप्तरांत आहे, हें या कमिटीनें बरोबर ओळखलें, असें आम्हांस वाटतें. त्याच वर्षीं शारदा कायदा होऊन १ एप्रिल १९३० पासून मुलींच्या लग्नास चौदा व मुलांच्या लग्नास अठरा ही मर्यादा आली.

६. उपसंहार

पुढील वाटचाल थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. १९४९ मध्यें विवाहाबाहेरची मर्यादा सोळा व विवाहांतली पंधरा झाली. १९७८ मध्यें मुलीच्या लग्नाचें वय अठरा ठरलें. पण ३७५ व्या कलमांतील पंधराचा अपवाद तसाच राहिला. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास व मुलीस संरक्षण दिलें, व २०१३ च्या दुरुस्तीनें ३७५ व्या कलमांतही संमतीचें वय अठरा केलें; तरी पत्नीचा अपवाद पंधरावरच होता. म्हणजे जिचें लग्न लावणेंच कायद्यास मान्य नव्हतें, तिच्या पतीस त्याच लग्नाचा बचाव मिळत होता. ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हा विसंवाद दूर करून अपवाद अठरा वर्षांवर आणला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमांत तोच आंकडा कायम झाला. दहापासून अठरापर्यंतचें हें अंतर तोडण्यास १८६० पासून १५७ वर्षें लागलीं. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतींत तो जुना अपवाद अद्याप उभाच आहे.

वयाच्या पुराव्याचा प्रश्नही मागें पडलेला नाहीं; त्याचें स्वरूप मात्र बदललें आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ९४ व्या कलमांत शाळेचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम घालून दिला आहे. आणि अत्याचार झालेल्या मुलीचें वय ठरवितांनाही अशाच क्रमानें जावें, असें सर्वोच्च न्यायालयानें त्यापूर्वींच्या नियमांवरून २०१३ मध्यें सांगितलें होतें. आरोपीचा वकील आजही प्रथम दाखल्याकडेच वळतो, आणि तें त्याचें कामच आहे. आरोपीस बचाव करूं देणें हा न्यायाचा पाया होय. परंतु बचाव कोणत्या गोष्टीचा करूं द्यावयाचा, हें कायदा ठरवितो. 'मीं हें केलें नाहीं' असें म्हणण्याचा हक्क प्रत्येकास असला पाहिजे; 'मीं केलें, पण ती माझी होती' हें उत्तर मात्र कायद्यानें एकदां दिलें होतें म्हणून तें नेहमीं देतां येईल असें नाहीं. संमतिवयाचा सर्व इतिहास म्हणजे या दुसऱ्या उत्तराची जागा आकुंचित होत गेल्याचा इतिहास होय, असें आम्हांस वाटतें.

एक गोष्ट नोंदून हा लेख पुरा करतों. १८९० च्या खटल्यांत आरोपीचें म्हणणें आहे, मुलीच्या नातलगांची साक्ष आहे, डॉक्टरांचें मत आहे, न्यायमूर्तींचें निवेदन आहे. पुढील वादांत स्मृतिकारांचीं वचनें आहेत, पुण्या-मुंबईच्या विद्वानांचे लेख आहेत, कायदेमंडळांतील भाषणें आहेत. ज्या मुलीवरून हें सर्व उभें राहिलें तिचा एक शब्द या कागदांत नाहीं. तो असणेंही शक्य नव्हतें. इतिहाससंशोधकास जें कागदांत आहे त्याचा अर्थ लावावा लागतो, तसेंच जें कागदांत येऊंच शकलें नाहीं त्याचीही नोंद ठेवावी लागते. या विषयावर पुढें काम करणारांनीं जुन्या जिल्हा मॅजिस्ट्रेटांचीं दप्तरें, रुग्णालयांचीं नोंदबुकें व नगरपालिकांचीं जन्माचीं पुस्तकें या दृष्टीनें पाहिलीं, तर सभांच्या वृत्तांतांत न सांपडणारें बरेंच कांहीं हातीं लागेल, अशी आमची खात्री आहे.